मिस थ्रोअर नाही म्हणत नाहीत

४ नोव्हेंबर, सोमवार
नवी नोकरी, आणि पहिल्याच दिवशी आवडली! लिंकन स्टेशनच्या मागे दुसऱ्या मजल्यावर दोन टेबलांचं ऑफिस. रुग्णालयातला किंवा गावातल्या औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट रजेवर गेला, की तेवढ्यापुरता बदली माणूस शोधून पाठवायचा, हे काम. फार्मासिस्टच्या नावाची पाटी भिंतीवर लागल्याशिवाय दुकानातून औषध देता येत नाही. आणि कोणालाही पाठवण्याआधी, दर वेळी, त्याचं नाव परवान्याच्या नोंदवहीत तपासायचं. सहकारी डिलिस साठीतली, तोंडाळ. माझ्यासाठी लिंबाचा केक घेऊन आली. म्हणाली, कोणीच मिळालं नाही तर यादीत शेवटी मिस थ्रोअर आहेत, त्या कधी नाही म्हणत नाहीत.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
समुद्रकाठच्या एका दुकानाला उद्यासाठी माणूस हवा होता. एकोणीस फोन केले. एकाच्या मुलीचं लग्न, एकीची कंबर धरलेली. पाचला पाच कमी असताना मिस थ्रोअरना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. येते हो पोरी, म्हणाल्या. त्यांच्या नावापुढे तपासल्याची जुनी खूण होती, तिच्यावर विसंबले. नोंदवही उघडली नाही. घाई होती हे खरं. मला घरी जायचं होतं हे जास्त खरं.

११ नोव्हेंबर, सोमवार
आज नोंदवही पाहिली. मिस थ्रोअर यांचं नाव पाच वर्षांपूर्वी काढलंय. कारण : निधन.
दुकानात फोन केला. तिथली कार्ली खुशीत होती. बाई वेळेवर आल्या, पाटी लावली, त्रेपन्न जणांना औषधं दिली. हात तेवढे बर्फासारखे, म्हणाली.
डिलिसला सांगितलं. ती हसली. म्हणाली, कोणाची तक्रार आहे का? मग गप्प बस. मेलेली माणसं निदान आजारपणाची रजा तरी मागत नाहीत.
तिला माहीत होतं.

१२ नोव्हेंबर
कार्लीचा फोन. रडत होती. म्हाताऱ्या मिस्टर व्हिटलमना अठ्ठावीस गोळ्या हव्या होत्या, पाकिटात तीनच निघाल्या. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. पुरतील, म्हणाल्या मिस थ्रोअर.
आज सकाळी त्यांनी तिसरी घेतली. दुपारी गेले.
उरलेल्या बावन्न जणांना फोन करून गोळ्या मोजायला लावल्या. एक्कावन्न पाकिटं बरोबर. मिसेस ईनिड स्केल्टन यांच्यात पाच. शेवटची गुरुवारी.
पाठवलं कोणी? मी.

१३ नोव्हेंबर
वरिष्ठांना सगळं लेखी कळवलं. नोकरी जाईल, जाऊ दे. मिसेस स्केल्टनसाठी रुग्णालयातून पूर्ण पाकीट घेतलं, देणाऱ्याचं नाव नोंदवहीत आधी पाहून. हात लावून पाहिला त्याचा. गरम होता. त्याला वाटलं असेल, बाईला वेड लागलंय —

१४ नोव्हेंबर
सकाळी आठपासून मिसेस स्केल्टनकडे. पाचवी गोळी घेऊ दिली नाही. माझ्या पाकिटातली दिली.
दहा वाजले. बाई ठणठणीत. मला म्हणतात, अगं, चेहरा काय पाडलायस, मी काय आज मरणार आहे का! चहा ठेवायला गेल्या. मी रडले —

स्वयंपाकघरातून ओरडून सांगतायत, विसरलेच बघ, तू यायच्या आधी त्या दुकानातल्या बाई येऊन गेल्या. तुझ्यासाठी पिशवी ठेवलीय.

मी कसलंच औषध घेत नाही. पिशवीवर माझं नाव. रोज सकाळी एक, असं लिहिलंय. पाकीट उघडलं. पुन्हा पाहिलं. आत एकही —