आमचं कार्ड तापत नाही

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. निर्णय घेणारी माणसं सगळं लिहून ठेवतात.

घरी नवा कॉम्प्युटर जोडलाय. राहिलं फक्त ग्राफिक्स कार्ड. बायको घरांच्या सजावटीची चित्रं काढते, आजवर कागदावर. आता एका ठेकेदारानं तिला पहिलं मोठं काम देऊ केलंय, पण अट अशी की गिऱ्हाइकाला त्याचं स्वयंपाकघर स्क्रीनवर फिरवून दाखवायचं. बावीस तारखेला माणसं आमच्याकडेच येणार. चित्र फिरवणं हे कार्डाचं काम. कार्ड निवडणं माझं. (मीच तसं म्हणालो.)

स्वस्त आणि मस्त बघून परवापर्यंत आणतो, असं सांगून टाकलं.

मेहुण्याचा फोन आला. न विचारता एका कार्डाचं नाव सांगितलं. म्हणाला, दाजी, हे घ्या नि मोकळे व्हा. मी हसण्यावारी नेलं. असल्या उतावळ्यांच्या जिवावरच दुकानं चालतात.

५ मार्च, बुधवार
काल संध्याकाळभर व्हिडिओ पाहिले. एकजण म्हणतो, यासारखं कार्ड नाही. दुसरा म्हणतो, या कार्डाच्या वाटेला जाऊ नका. मला दोघांचंही पटलं.

ऑफिसात एक्सेलमध्ये तक्ता केला. साहेब मागे येऊन उभे राहिले. तिमाही अहवालही असाच मन लावून करत जा, म्हणाले. कौतुक समजलो.

बायकोनं कार्डाचं विचारलं. संशोधन चालू आहे, म्हणालो. ती 'बरं' म्हणाली. तिच्या 'बरं'चे बरेच अर्थ होतात. मी त्यातला चांगला घेतला.

८ मार्च, शनिवार
दुकानात गेलो. मेहुण्याचं ते कार्ड समोरच होतं. दुकानदार म्हणाला, आजच न्या, भाव वाढणार आहे. सगळेच दुकानदार असं म्हणतात. अडला हरी गाढवाचे पाय धरी. पण मी कुठे अडलोय? भाव पडेल तेव्हा येतो, असं सांगून रुबाबात बाहेर पडलो.

११ मार्च, मंगळवार
भाव चढला. तात्पुरतं आहे.

१३ मार्च, गुरुवार
पुन्हा चढला. बाजाराला शिस्त म्हणून राहिली नाही.

बायको म्हणाली, मी आपली भावाकडे जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर काम करते. म्हणजे माझं नाक कापायचं. उद्या घेतोच.

१४ मार्च, शुक्रवार
घेतलं. पूर्ण अभ्यास करून, कुणाचंही न ऐकता. योगायोगानं मेहुणा म्हणाला होता तेच निघालं. त्याचा अंदाज माझ्या निष्कर्षाशी जुळला, याबद्दल त्याला शाबासकी द्यायला हवी. शनिवारपेक्षा महाग पडलं, पण ज्ञान फुकट मिळत नाही.

दुकानदार बसवून देतो म्हणत होता. नको म्हणालो. आपल्या घरातलं काम आपण करावं.

१५ मार्च, शनिवार, दुपार
कार्ड कॉम्प्युटरच्या पेटीपेक्षा लांब निघालं. तक्त्यात लांबीचा रकाना नव्हता. पेटीतला एक पत्र्याचा खण स्क्रू काढून बाहेर घेतला, तेव्हा बसलं. बोट कापलं. किरकोळ.

संध्याकाळ
कार्डाच्या मागच्या बाजूला वायर लावायची भोकं असतात. त्यांवर रबरी टोपणं येतात. लोक ती बेफिकिरीनं उपटून फेकतात. मी तशीच ठेवली. धुळीचा कण आत जायचा नाही. मॉनिटरची वायर पेटीच्या मूळच्या भोकात आधीपासून होती, ती तिथेच घट्ट दाबली.

सुरू केलं. काय ते रंग! कालचं चित्र आणि आजचं, जमीन-अस्मानाचा फरक. बायको म्हणते, तिला कालच्यासारखंच दिसतंय. चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणालो.

पेटी कोपऱ्यात सरकवली. वर कागद चिकटवला: हात लावू नये.

१७ मार्च, सोमवार
पेटीचं झाकण काढून कार्डाला हात लावून पाहिला. (मी लावू शकतो.) थंडगार. आवाज शून्य. मेहुण्याचं हेच कार्ड म्हणे घोंघावतं आणि तापतं. वापरणाऱ्यावर असतं. त्याला फोन करून टोपणांचं महत्त्व सांगणार होतो, पण असो. सगळंच शिकवत बसलं की माणसं परावलंबी होतात.

१९ मार्च, बुधवार
बायकोची तक्रार: स्वयंपाकघर फिरता फिरत नाही, एक कपाट उघडायला सांगावं आणि चहा करून यावं. मी म्हणालो, तू कपाटंच फार काढली आहेस, थोडी कमी कर. तिनं विचारलं, वायरी सगळ्या नीट लागल्यात ना? हे मला विचारलं. रागानं जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

२१ मार्च, शुक्रवार
उपाय केले. पेटीवर टेबलफॅन सोडला. स्क्रीनवरचा डोंगराचा फोटो काढून साधा निळा रंग ठेवला, तेवढाच भार कमी. चित्र आता बरंच फिरतंय असं मला वाटतं. बायको पेन्सिलींना टोकं करत बसली होती. उद्या एवढं महत्त्वाचं काम आणि हिला हे सुचतंय.

२२ मार्च, शनिवार, संध्याकाळ
ठेकेदार आला, सोबत गिऱ्हाईक नवरा-बायको. प्रास्ताविक मी केलं. कार्ड कसं निवडावं, इथून सुरुवात केली. ठेकेदार म्हणाला, साहेब, स्वयंपाकघर बघू या का?

बायकोनं फिरवलं. अर्धं फिरलं आणि अडकलं. ओट्यावरच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं. गिऱ्हाईकबाईंनी विचारलं, हे दार असंच राहणार का? मी म्हणालो, लोड होतंय. ठेकेदारानं घड्याळ पाहिलं. खरं लिहायचं तर, हिनं त्या स्वयंपाकघरासाठी तीन आठवडे डोळे फोडले होते. मला तिच्याकडे बघवेना.

तिनं शांतपणे स्क्रीन बंद केला आणि कागद पुढे ओढला. बाईंना विचारलं, तुम्ही डावऱ्या आहात का? होत्या. मग शेगडी इकडे, भांडी घासायची जागा तिकडे, असं करत पेन्सिल सुरू झाली. थोड्या वेळानं बाई खुर्ची सोडून हिच्या शेजारी उभ्या राहून खिडकी खोडायला लावत होत्या. काम मिळालं. वातावरणनिर्मिती माझी होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

माणसं गेल्यावर एक पेन्सिल टेबलामागे पडली. ती काढायला बायको वाकली. बराच वेळ वर आली नाही.

२३ मार्च, रविवार
काल तिनं टेबलाखालूनच विचारलं, ही टोपणं कशाला? मी धुळीबद्दल सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग एक टोपण काढलं आणि मॉनिटरची वायर मूळच्या भोकातून उपटून कार्डात खोचली. वर येऊन कपाटाचं दार उघडलं. पटकन उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. ती उगाचच कितीतरी वेळ उघडमीट करत होती.

म्हणजे आठवडाभर कार्ड नुसतं बसून होतं. तरी निवड अचूक होती, हे कुणी बोलत नाही.

तुझ्या भावाला सांगू नकोस, म्हणालो. ती म्हणाली, सांगून झालं.

कार्ड आता घोंघावतं, तापतंही. बायको म्हणते, काम करणाऱ्याचं तसंच असतं. यातून तिला काय सुचवायचं होतं, ते मी विचारलं नाही.

पेटीवरचा 'हात लावू नये'चा कागद तिनं काढला नाही. खाली पेन्सिलीनं फक्त दोन शब्द वाढवलेत: विशेषतः यांनी.