फक्त अर्धा तास, हमीदभाई

२ मे १९९७, शुक्रवार. दुपार.
ही वही लिहायला उशीर केला, कबूल. जानेवारीत सुरू करणार होतो. मग म्हटलं पाडव्यापासून. पाडव्याला पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा मॅच चालू होती. असो. उशिरा सुरू केलेलं काम पक्कं होतं, असं माझं निरीक्षण आहे.

लिहायचं कारण. आपाचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, शाळेतर्फे ट्रेनिंग आहे. सोमवारपासून रविवार सोडून एकवीस दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तिची पोरं, चांद (वय दहा) आणि सितारा (वय सहा), यांना सुट्टी. मलाही एका अर्थी सुट्टीच. बारावी दोनदा दिली, आता तिसऱ्यांदा द्यायची की नाही यावर विचार चालू आहे. तीन वर्षं.

हमीदभाई, म्हणजे मेहुणे, यांचं नारायण पेठेत बुकबाइंडिंगचं दुकान आहे. जूनपासून मला तिथे बसवायचं त्यांनी ठरवलंय. दिवसभर चटईवर मांडी घालून कागदाच्या घड्या घालायच्या. माझ्यासारख्या फिरत्या माणसाला ही जन्मठेप आहे. मला टुरिस्ट गाइड व्हायचंय.

आपाने तोड काढली. महिनाभर पोरांना रोज बाहेर ने, काहीतरी दाखव. पोरं खूश दिसली तर मी यांच्याशी बोलते. मग दुकान नाही.

ठरलं. उद्या यादी.

४ मे, रविवार.
यादी झाली. सिंहगड, खडकवासला, पर्वती, केळकर म्युझियम, एम्प्रेस गार्डन. शिवाय दोन जागा गुप्त ठेवल्यात, त्या मलाच अजून सुचायच्या आहेत. सिताराने विचारलं, फुलराणीत बसायचं का? पेशवे पार्कातली ती छोटी आगगाडी. मी समजावलं की ते लहान मुलांसाठी असतं. ती सहा वर्षांची आहे हे नंतर लक्षात आलं.

५ मे, सोमवार. संध्याकाळी ७.
गाइडने आधी स्वतः पाहणी करावी, हा माझा नियम. पोरांना उन्हातून उगाच का पळवायचं? म्हणून कर्वेनगरहून बसने पेठेत आलो, त्यांना दुकानात सोडलं. म्हटलं, फक्त अर्धा तास, हमीदभाई. पर्वतीचा जिना बघून येतो. हमीदभाईंनी मान वर केली नाही. ते कामात असले की त्यांना आजूबाजूचं काही कळत नाही. हे फार सोयीचं आहे.

वाटेत एक पेंटर सिनेमाचं पोस्टर रंगवत होता. हिरोचा एकच डोळा झाला होता. दुसरा बघितल्याशिवाय निघणं बरं दिसेना. दुसरा डोळा साडेचारला झाला. पर्वती उद्या.

पोरं दुकानातच होती. चांदच्या केसांना खळ लागली होती. दमलो.

८ मे, गुरुवार.
पोरांना उन्हाच्या टोप्या हव्यात. त्यांना दुकानात सोडून (अर्धा तास) लक्ष्मी रोडला गेलो. दुकान शोधेपर्यंत एक वाजून दहा मिनिटं. शटर खाली. पाटी होती: ‘१ ते ४ बंद. घाई असल्यास उद्या या.’ मला घाई नव्हती म्हणून पायरीवर बसलो. झोप लागली. चारला मालकांनी मला ओलांडून दुकान उघडलं आणि सांगितलं, टोप्या आम्ही ठेवत नाही.

परत आलो तर दोन्ही पोरं चटईवर. चांद फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालत होता. सितारा सुईत दोरा ओवत होती. हमीदभाईंचे डोळे आता सुईला चालत नाहीत म्हणे. मी पोरांना सांगितलं, आज तुमची विश्रांती झाली, उद्यापासून सहली. चांद म्हणाला, उद्या शुक्रवार, दुकान बंद. त्याचा चेहरा पडला होता. बहुतेक उन्हाने.

१३ मे, मंगळवार.
म्युझियमची वेळ विचारायला निघालो. म्युझियमपर्यंत पोचलो नाही, पण वाटेत एका माणसाकडून पोपट कसा धरावा ते शिकलो. हे गाइडला कधीही उपयोगी पडेल. बोटाला पट्टी बांधली.

वरच्या मजल्यावरच्या पद्मजाताईंनी जिन्यात गाठलं. त्यांच्या हेमालाही सुट्टी आहे, दिवसभर डोकं खाते. म्हणाल्या, तुम्ही मुलांना फिरवता असं ऐकलं, आमचीलाही नेत चला. बघा, नाव होतंय. हेमाला नेलं. दुकानात. अर्धा तास.

१४ मे, बुधवार.
मोठा निर्णय. फुटकळ फिरणं बंद. येत्या रविवारी संपूर्ण बिल्डिंगची सिंहगड सहल. बजरंगची मिनीबस. बजरंग माझा मित्र, बसही जवळजवळ त्याचीच. जिन्यात नोटीस लावली: ‘सकाळी ठीक सहा. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.’ सात कुटुंबं तयार. आपा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, हे जमव रियाज, मग मला यांच्याशी बोलायला तोंड राहील.

१८ मे, रविवार. सकाळी १०.
पहाटे साडेचारला उठलो, हे आधी नोंदवून ठेवतो. बजरंग मंडईच्या मागे राहतो. त्याला उठवायला मी स्वतः गेलो. गाइड म्हणजे जबाबदारी.

मंडईत आंब्याच्या गाड्या उतरत होत्या. एक व्यापारी रुमालाखाली हात धरून नुसत्या बोटांनी भाव ठरवत होता. तोंडाने एक अक्षर नाही. आपण हे कधी बघणार? मी बघितलं. मग सोजरबाई नावाच्या एका म्हातारीने पेट्या उतरवायला हात लावायला सांगितला. नाही कसं म्हणणार? बजरंगकडे पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. तो म्हणाला, तू येणार होतास तो पुढच्या रविवारी ना?

दुपारी १२.
बिल्डिंगमध्ये आलो. खाली कोणी नाही. सगळे गच्चीवर चादरी टाकून पुरीभाजी खात होते. पद्मजाताई म्हणाल्या, “गच्ची छान आहे हो आपली. इतक्या वर्षांत वर आलोच नव्हतो. तुमच्यामुळे दर्शन झालं.”

म्हणजे सहल झालीच. फक्त उंची थोडी कमी.

आपा रिकामं पातेलं उचलून खाली गेली. पुऱ्या संपल्या होत्या.

२३ मे, शुक्रवार.
दुकान बंद, त्यामुळे पोरांना ठेवायला जागा नाही. पाय सुजलेत म्हणून पडून राहिलो. हमीदभाई सिताराला पेशवे पार्कात घेऊन गेले. एकुलता सुट्टीचा दिवस, तोही त्यांनी उन्हात घालवला. ती फुलराणीत तीनदा बसून आली. मला आनंद झाला. शेवटी पेशवे पार्कावर चर्चा पहिल्यांदा माझ्यासमोरच झाली होती.

२७ मे, मंगळवार.
ऊन फार. चपलेचा अंगठा गेला. एम्प्रेस गार्डनच्या दिशेने अर्ध्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दिशा बरोबर होती.

दुकानात आता सात पोरं आहेत. आमची दोन, बिल्डिंगमधली चार, समोरच्या वाड्यातली एक. शाळा उघडायच्या आधी वह्यांचं काम जोरात असतं. हेमा पानं मोजते. चांदने कापडी पुठ्ठ्याची अख्खी वही एकट्याने केली, कोपरे दुमडून वगैरे. मला दाखवली नाही, हेमाला दाखवली. एक ते चार हमीदभाई शटर अर्धं ओढतात आणि सगळी पोरं कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपतात. मीही झोपणार होतो. जागा नव्हती.

एक मात्र बरं. हमीदभाईंना अजून काही कळलेलं नाही.

२९ मे, गुरुवार.
आपाचं ट्रेनिंग काल संपलं. आज जेवताना परीक्षा झाली. आपाने सिताराला जवळ घेऊन विचारलं, मामूने कुठे कुठे नेलं?

सितारा माझ्याकडे न बघता म्हणाली, सिंहगड. पर्वती. मोठं धरण. म्युझियममध्ये जुने दिवे होते. एम्प्रेस गार्डनमध्ये झाडं होती.

मी रोज सकाळी बसमध्ये पोरांना सांगायचो, आज आपण काय काय बघणार. तिने सगळं लक्षात ठेवलं होतं. आपा तिचा हात हातात घेऊन ऐकत होती आणि तिच्या बोटांवरची वाळलेली खळ नखाने खरवडून काढत होती. मग म्हणाली, वा. बरंच फिरलात.

आपाला संशय आला नाही. हमीदभाईंनी आणखी डाळ मागितली.

डाळ मला गेली नाही. का कोण जाणे.

३१ मे, शनिवार. दुपारी १२.
आपाने शब्द पाळला. हमीदभाईंशी बोलली. त्यांनी एका वाक्यात मान्य केलं: “त्याला नको बोलावायला. पोरं चांगलं करतात.”

म्हणजे मी जिंकलो. सुटलो. जून मोकळा. आनंदात सहज बस धरली आणि सहज दुकानाशी उतरलो. चटई भरलेली. चांद दाबाच्या यंत्राला लोंबकळून चाक फिरवत होता, तीन जण शिवत होते, सगळे एकदम काहीतरी सांगत होते आणि हमीदभाई हसत होते. मी त्यांना दुकानात हसताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे मी तिथे कधी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबलोच नव्हतो.

मी म्हटलं, काही मदत? एखादी घडीबिडी? कोणी ऐकलं नाही. मग पुन्हा म्हटलं. हमीदभाई मान वर न करता म्हणाले, “रियाज, जरा बाजूला हो. उजेड अडतोय.”

बाजूला झालो. घरी आलो.

दुपारी ३.
झोप येत नाही. मोकळा जून फार मोठा वाटतोय. तीस दिवस आहेत त्यात.

४.१०.
दारात रिक्षा. दुसरी रिक्षा. हमीदभाईंची थोरली बहीण नसीमबानू मिरजेहून आल्यात, कोणाला काही न कळवता. बरोबर पाच नातवंडं, पाच पिशव्या. म्हणतात, काल रझियाचा (म्हणजे आपाचा) एसटीडीवरून फोन आला. रियाज पोरांना महिनाभर इतका हिंडवतो, सिंहगड काय, धरण काय, तुमचीही पाठवा म्हणाली. शाळा उघडेपर्यंत राहणार आहेत.

आपा त्यांना पाणी देता देता माझ्याकडे बघून म्हणाली, “दुकानात बसणं बंद केलं ना तुझं? आता गाइड हो.”

पाचही जणांनी चपला काढलेल्या नाहीत. सगळ्यात धाकटा वहीत डोकावून विचारतोय, आधी कुठे.