बद्द वाजलेले चाक

मी, खाली सही करणारा, धंद्याने टर्नर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, बायको वारलेली, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कामात केसभर फरक असला तरी बोटाला अजून कळतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात खोटे लिहिले असते.

कलम एक. राहत्या दोन खोल्या आणि पुढचे पत्र्याचे वर्कशॉप मी वाइंडरला देत आहे. हा विजेच्या मोटारी बांधणारा माणूस चौकात दुकान चालवायचा. वीस वर्षांपूर्वी लोक त्याला ‘कंपनीचा माणूस’ म्हणू लागले आणि त्याला दुकान बंद करावे लागले. हल्ली तो दुसऱ्या गावात लेकीच्या घरी जिन्याखाली बसून पंखे दुरुस्त करतो. तो हयात नसल्यास हे सर्व लेकीला जावे. तो नाही म्हणेल, तेव्हा पुन्हा एकदा विचारावे. तिसऱ्यांदा विचारू नये, शिव्या खाव्या लागतील आणि त्या रास्त असतील.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी उरकावा, उरलेले वाइंडरला द्यावे. भाषण कोणी करू नये. स्मृतिमंडळाच्या मास्तरांनी तर मुळीच नाही.

कलम तीन. हत्यारे. लेथ जागेबरोबर जाईल. मायक्रोमीटर मागच्या गल्लीतल्या फिटरला द्यावा. गेली नऊ वर्षे तो ‘फक्त आजच्या दिवस द्या’ म्हणत नेतो आणि आठवड्याने आणून देतो. आता आणायची तसदी नको. अर्ध्या किलोचा हातोडा मात्र कोणालाही न देता भट्टीत वितळवावा. त्याचे कारण पुढे आहे.

कलम चार. लेथच्या पायाशी, तेलाच्या ट्रेमागे, पोत्यात गुंडाळलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा आहे. वजन अंदाजे अकरा किलो. हा दाजींच्या चाकाचा तुकडा असून पोलिसांना तो सापडला नव्हता, कारण तो मी लपवला होता.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एकदा धक्का दिला की चाक लोहचुंबकांवर कायम फिरत राहील, त्यावर घराघरांत फुकट वीज होईल, ना धूर ना कोळसा, असे त्यांचे म्हणणे होते. सतरा वर्षे त्यांनी माझ्या वर्कशॉपचा अर्धा भाग अडवला. चाक ओतून आणले मी, खरादले मी, तोलले मी. ते जास्तीत जास्त एकेचाळीस मिनिटे फिरले आणि थांबले. प्रत्येक वेळी थांबले. आणि दर वेळी दाजी चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “तुझं बेअरिंग नडलं रे.” सतरा वर्षांत त्यांची कल्पना एकदाही नडली नाही.

तरी मी त्यांच्यावर जीव टाकायचो, हेही लिहून ठेवतो. माणूस बोलायला लागला की आपणही त्या चाकावर बसून निघालो आहोत असे वाटायचे.

आमची एक रीत होती. चालवण्याआधी मी चाक साखळीने उचलून लटकवायचो आणि त्या अर्ध्या किलोच्या हातोड्याने टकोरा द्यायचो. बीड धडधाकट असेल तर घंटेसारखे वाजते आणि वाजत राहते. आत चीर असेल तर बद्द वाजते. माझ्या होकाराशिवाय दाजी चाकाला हात लावत नसत. त्या एका बाबतीत त्यांनी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

मोठ्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे आले. सगळ्यांसमोर दाजींनी माझी ओळख करून दिली, “हा आमच्या मंडळींचा भाऊ. कुठं काम मिळेना, म्हणून ठेवलाय मदतीला.” माझ्या वर्कशॉपमध्ये उभे राहून! पाहुणे हसले. दाजींचे पट्टशिष्य मास्तर सर्वांत जास्त हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी टकोरा दिला. चाक बद्द वाजले. तीनदा दिला, तीनदा बद्द. दाजींनी कागदातून डोके वर न काढता विचारले, “काय म्हणतंय?”

मी म्हणालो, “ठीक आहे.”

माझा हिशोब असा होता की नेहमीच्या वेगाला चाक लडबडेल, खडखड करेल, पाहुण्यांसमोर बंद करावे लागेल. एकदा तरी यांचे नाक कापले जाऊ दे. याच्यापलीकडे माझ्या मनात काही नव्हते. हे मी शपथेवर लिहितो, पण माझ्या शपथेला आता काय किंमत आहे ते मला माहीत आहे.

चाकाला पहिल्या धक्क्यातच चांगला वेग यावा म्हणून दाजींनी वाइंडरकडून एक जोरदार मोटार बांधून घेतली होती. ती त्यांनी मला दाखवली नव्हती. मी रागारागाने समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो आणि पाहुणे यायच्या आत दाजींनी एकट्याने ती जोडून पाहिली. चाक कधी गेले नव्हते त्या वेगाला गेले आणि फुटले. एक तुकडा छपरातून बाहेर पडला, एक दाजींच्या छातीत बसला. मी ग्लास हातात घेऊनच धावत आलो. ताई माझ्या आधी पोचली होती.

पोलिसांनी विचारले, “चाक तपासलं होतं?” मी म्हणालो, “हो.” “कसं होतं?” “बरोबर होतं.” त्यांनी अपघात लिहिला. मास्तरांनी खून लिहिला, छापला आणि वाटला. वीज कंपनीने वाइंडरला फितवले, मोटारीत घातपात केला, असे त्यांच्या बत्तीस पानी पुस्तिकेत आहे. त्याने आयुष्यात एकदा कंपनीचा पंप दुरुस्त केला होता, एवढाच पुरावा. दुकानासमोर घोषणा झाल्या तेव्हा मी गर्दीत उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, “अरे, तू तरी सांग ना यांना!” मी मान खाली घातली.

मोटार निर्दोष होती. मी ती नंतर उघडून पाहिली, इतके सुबक काम मी दुसरे पाहिले नाही. तुकड्याच्या तुटलेल्या कडेवर दोन बोटे भाग काळपट आहे, बाकीचा करडा, ताजा. काळपट ती जुनी चीर. कोणताही जाणता ओतारी बघून सांगेल. तुकडा आणि या कलमाची नक्कल वाइंडरच्या हातात द्यावी. त्याचे नाव धुऊन निघायला त्याचा उपयोग व्हावा.

कलम पाच. मास्तरांचे मंडळ दर वर्षी दाजींच्या स्मृतिदिनी माझ्या वर्कशॉपमध्ये जमते, दोन मिनिटे शांत उभे राहते आणि मग दोन तास बोलते. मी ताईच्या शब्दाखातर चालवून घेतले. मंडळाला माझ्या मिळकतीतला खिळाही मिळणार नाही. मास्तर, दाजींचे यंत्र चालत नव्हते. त्यांना कोणी मारायला यावे एवढे ते कोणाच्या खिजगणतीत नव्हते. हे तुम्हाला खुनापेक्षा जास्त झोंबेल, म्हणून मुद्दाम लिहिले.

कलम सहा. वकील म्हणाला, “काका, असलं मृत्युपत्रात लिहीत नसतात. मिळकत लिहा.” मी म्हणालो, “मग कुठं लिहू? पोलिसांत जायची छाती असती तर वीस वर्षं थांबलो असतो का?”

पण समोरचा औषधवाला, जो या कागदावर पहिला साक्षीदार आहे, त्याने वाचून भलताच प्रश्न केला. “ताई तुमच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या ना? त्या आधी गेल्या तर?”

तेव्हा मला माझीच लबाडी दिसली. मी मेल्यावर तिने वाचावे, म्हणजे तिच्या तोंडासमोर मला उभे राहावे लागणार नाही, अशी सोय मी करून ठेवली होती. ती दर वर्षी त्या मंडळात पहिल्या रांगेत बसते आणि वाइंडरला तळतळाट देते. तिने दुसऱ्याला दिलेला तो माझा वाटा मी वीस वर्षे ऐकला आहे.

साक्षीदाराला मिळकतीतले काही घेता येत नाही, असे वकील सांगतो. म्हणून ताईला ठेवलेले सर्व मी खोडले आहे. ती या कागदावर दुसरी साक्षीदार असावी, आणि सही करण्याआधी तिने तो शेवटपर्यंत वाचावा. आज दुपारी मी आणि औषधवाला तिच्याकडे जात आहोत. सही मी तिथेच, तिच्यासमोर करीन.

ठिकाण: ताईचे स्वयंपाकघर.
तारीख: अकरा, मंगळवार, दुपारचे साडेतीन.

लिहून ठेवणार: (सही) टर्नर

साक्षीदार पहिला: (सही) औषधवाला. दोघांसमक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरी: (सही) मोठी बहीण. पूर्ण वाचले. याने माझ्यासमोर सही केली, एवढीच माझी साक्ष आहे. माफ केले असा अर्थ कोणी काढू नये.