दुसऱ्या चंबूतला वायू

प्रिय रंगनाथमामा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं हे माहीत असून मी पत्र लिहायला बसले आहे. पण मामींचा निरोप आलाय. आपल्या कॉलेजचे शिपाई परवा कोल्हारला तुमच्या घरी जाऊन आले. मामींनी त्यांच्याजवळ सांगून पाठवलं, "केमिस्ट्रीच्या ताईस्नी इचारा, आमच्या मानसाच्या हातनं खरंच चूक झाली हुती का?" त्याचं उत्तर मला आज दुपारी मिळालं. मामींच्या आधी ते तुम्हाला सांगायला हवं.

चूक तुमची नव्हती. माझी होती.

जानेवारीत आपल्या प्रयोगशाळेत मी ते दोन चंबू मांडले होते, आठवतंय ना? दोन्हींत तेच लालसर पाणी, अमोनियाने बांधलेला कोबाल्ट. एकात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, दुसऱ्यात नाही. कोबाल्ट त्या वायूला धरतो का ते पहिल्यात बघायचं, दुसरा नुसता ताडून पाहायला. संगमरवराच्या खड्यांवर आम्ल सोडून तुम्ही वायू तयार करायचात, चुन्याची निवळी गाळून ठेवायचात. अक्षरं ओळखता येत नव्हती म्हणून चंबूंच्या गळ्याला दोरे बांधायचात. लाल दोरा वायूचा, पांढरा बिनवायूचा. प्रयोगशाळेतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तुमचा एकदा तरी दोरा चुकला होता का?

"अमोनिया कशापायी घालता, ताई? कोबाल्ट एकला काम करीना व्हय?" तुम्ही विचारलं होतं. मग काय, मी ऐटीत व्याख्यानच दिलं. धातूला भोवतीने धरून बसतात त्यांना लिगंड म्हणतात. कोबाल्टला सहा जागा. पाच अमोनियाने धरल्या, सहाव्या जागी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी. कार्बन डायऑक्साइड तसा ताठ आणि मठ्ठ, सहजी कुणात मिसळत नाही. पण त्या सहाव्या जागेवरचा ऑक्सिजन त्याच्या कार्बनला गाठतो, मग तो वाकतो आणि कार्बोनेट होऊन तिथेच बसतो. तुम्ही म्हणालात, "म्हंजी पाच जनांनी धरून ठिवलंय, म्हनून सहावा हात कामाला मोकळा." ते वाक्य पुढे मी वर्गात माझं म्हणून खपवलं. बघा, चोरीसुद्धा मीच केली.

आठ दिवसांनी दोन्ही चंबूंत आम्ल घालून निघालेला वायू निवळीत सोडला. पहिल्याची निवळी दुधासारखी झाली, ती व्हायलाच हवी होती. दुसऱ्याचीही झाली, म्हणजे वायू त्यातही होता. वर्षभराचं काम पाण्यात गेलं असं वाटून माझं डोकं फिरलं. शेवटच्या वर्षाची मुलं प्रॅक्टिकलला उभी होती. त्यांच्या देखत मी म्हणाले, "वाचता येत नाही तर बाटल्या कशाला बदलता?"

"म्या न्हाई बदलली, ताई." एवढंच बोललात तुम्ही.

भांडायचं होतं, मामा. दुष्काळात डिस्टिल्ड वॉटर सांडलं म्हणून मला चार शब्द सुनावणारे तुम्ही, त्या दिवशी गप्प का बसलात? त्यानंतर माझ्या टेबलाशी आलात की दर वेळी विचारायचात, "हात लावू का?" मी मान वर न करता "लावा" म्हणायचे. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही गावी गेलात आणि तिथेच तापात गेलात. मी मामींना भेटायलासुद्धा आले नाही. कुठल्या तोंडाने येणार होते?

कॉलेज उघडल्यावर तोच प्रयोग पुन्हा सगळा स्वतःच्या हाताने केला. चंबू कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. तरी दुसऱ्याची निवळी पांढरी. मग पाणी उकळून घेतलं, चंबूतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला, बूच मेणाने बंद केलं. आज तपासलं. निवळी नितळ राहिली.

जानेवारीत त्या चंबूला बूच नव्हतं, नुसता कापसाचा बोळा होता. आणि तो मीच लावला होता. दिवसभर बर्नर पेटलेले, तीस मुलं श्वास घेताहेत. त्या हवेतला एवढासा वायूही कोबाल्टने आठ दिवसांत ओढून घेतला. माझा प्रयोग बुडाला नव्हताच. मला वाटलं होतं त्याहून तो पुढे गेला होता, आणि मी मात्र हवेतल्या त्या वायूला पकडायचं सोडून तुम्हाला पकडलं.

आपल्या विभागप्रमुख सरांना आजच सगळं सांगितलं. पण ती मुलं परीक्षा देऊन पांगली, त्यांना आता कुठे गाठू? त्यांच्यातल्या कुणाला तुम्ही आठवलात तर बाटल्या बदलणारे म्हणूनच आठवाल. हे मला फार लागतं.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने कोल्हारला जाते आहे. मामी चहा ठेवतील, "जाऊ द्या ताई, झालं गेलं," म्हणतील. तुमच्या घरात कुणाला मनात राग धरून बसता येत असेल असं वाटत नाही. पण एक वचन देते, मामा. मामी मला तुमच्या वाटचे चार शब्द सुनावत नाहीत तोवर मी त्या चहाला हात लावणार नाही.

तुमची,
ताई