सुंदरामावशीचा हात

भिसेगाव, शुक्रवार, १० जानेवारी १९४७

ती. सुंदरामावशीस,

भातगिरणीच्या शेटना माझं चित्र पसंत पडलं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते चुकलं. त्यांना चित्रातलं गिरणीचं इंजिन पसंत पडलं, त्याच्याशेजारची तू नाही.

पाडव्याच्या कॅलेंडरसाठी मी लाकडात कोरलेल्या ठशात तू सूप धरून बसली आहेस. गिरणीच्या पट्ट्याने तोडून नेलेल्या तुझ्या दोन बोटांच्या जागचं लाकूड मी काढून टाकलं. शेट म्हणाले, “पोरी, बाईला बोटं दे गं. लोक कॅलेंडर देवाशेजारी लावतात.” काढलेलं लाकूड परत बसत नाही, म्हणून नवी फळी कोरली. अख्खा हात निघाला, पण तो तुझा वाटत नाही. फार थकले मी.

तू एवढंच म्हणाली होतीस, “सूप तेवढं नवं काढ गं, माजं फाटलंय.” हात दाखवू का, हे मी विचारलंच नाही. लग्नकार्यातसुद्धा तू तो पदराखाली ठेवतेस.

हे पत्र टपालात टाकणार नाही. आपल्या घरात वाचता येणारी मी एकटीच. तुला पत्र वाचून दाखवतो मालोजी, आणि तो शेटच्याच गिरणीत आहे. दोन्ही छाप तुझ्यापुढे मांडेन. तू दाखवशील तोच ठसा छापखान्यात जाईल. पोशीरला येते सोमवारी, भोगीच्या दिवशी.

तुझी,
जयवंता