शिशाची पावलं

६ जानेवारी, पाटस

आले एकदाची! नोकरी लागली, खोली मिळाली, खिडकीतून उसाचं रान दिसतं. नांदेडहून निघताना आईने दिलेला चिवडा अजून अर्धा शिल्लक आहे. घरमालकीण तुळजाबाई आणि त्यांचे मालक हौसराव आबा, दोघंच राहतात. गळीत हंगाम चालू आहे. दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात आणि हवेला मळीचा गोडसर, आंबूस वास असतो.

तू बॅटऱ्यांच्या कारखान्यात नेमकं करणार काय, असं तुळजाबाईंनी चहा देता देता विचारलं. मी डबीतली पांढरी पावडर दाखवली. आतून ती मधाच्या पोळ्यासारखी, नुसती भोकंच भोकं. पण इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. चमचाभर पावडरीतल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर क्रिकेटचं मैदान झाकेल. सांडपाण्यातलं शिसं त्यांत शिरतं आणि अडकून बसतं. शिवाय शिसं अडकलं की जांभळ्या टॉर्चखाली पावडर हिरवी उजळते. म्हणजे पकडणारही तीच आणि चुगली करणारही तीच.

आबा हसले. म्हणाले, "म्हंजी पोलीसपाटीलच की ही!"

९ जानेवारी

कारखाना लहान आहे. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, शिसं वितळवायचं, विटा पाडून विकायच्या. व्यवस्थापक सत्यजीत हा मालकाचा पुतण्या. गोड बोलतो, पण बोलताना मोबाइलकडेच बघतो. सांडपाण्याचं काम महेंद्र सांभाळतो. माझ्याच वयाचा, अबोल. आमची पावडर भरलेले गाळणीचे खांब त्याने दोन दिवसांत बसवून दिले. पहिलं पाणी तपासलं, शिसं जवळजवळ नाहीच. मी आनंदाने टाळी वाजवली, महेंद्रही पहिल्यांदा हसला.

मागच्या कोपऱ्यात सिमेंटच्या झाकणाखाली एक जुनी टाकी आहे. ती बंद आहे, तिकडे काही काम नाही, असं महेंद्र म्हणाला.

१५ जानेवारी

गळती शोधायला पावडर पाण्यात कालवून फवारणी केली आणि दिवेलागणीला जांभळा टॉर्च घेऊन आवारात फिरले. खांबांजवळ सगळं काळं, म्हणजे ठीक. जुन्या टाकीपाशी मात्र हिरवं दिसलं.

गळती नव्हती. पाऊल होतं.

अनवाणी पाऊल, उजवं, करंगळी नसलेलं. मग डावं. झाकणाच्या कडेपासून निघून फाटकाकडे गेलेली पावलं. साध्या उजेडात तिथे काहीच नाही, कोरडी फरशी.

इथे कुणी अनवाणी का फिरतं, शिसं आहे, धोका आहे, असं मी महेंद्रला विचारलं. त्याने पाइप खाली ठेवला आणि निघून गेला.

१८ जानेवारी

काल पाणी मारून फरशी धुतली. आज संध्याकाळी पुन्हा फवारलं, पुन्हा पावलं. फाटकाबाहेर, रस्त्याकडेने, कामगारांच्या चाळीपर्यंत. शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी संपतात.

तिथे रंभा राहते. तिचा नवरा रोहिदास आमच्याच कारखान्यात होता. ऐन दिवाळीच्या तोंडावर न सांगता गुजरातला निघून गेला, असं सत्यजीत सांगतो. पाणी तपासायच्या निमित्ताने आत गेले. रंभा हाडं दिसतील इतकी वाळली आहे. हिरड्यांवर निळसर रेघ. पोटात कळा येतात म्हणाली. शिशाची बाधा ओळखायला एवढं पुरे. पाणी मात्र स्वच्छ निघालं.

नवऱ्याचा काही निरोप येतो का, असं विचारलं.

"निरोप कशाला? येत्यात की रोज. दिवेलागणीला. बसत्यात. भाकर वाढते, पर जेवत न्हाईत."

२१ जानेवारी

आमच्या घरात भुताखेतांना कधी थारा नव्हता. बाबा म्हणायचे, आधी तपास, मग मान. म्हणून तपासलं.

रंभाच्या दारात पावलं फक्त आत जाणारी. बाहेर येणारी नाहीत. दार लावून खोलीत फवारलं, टॉर्च लावला तर रंभाच्या पाठीवर, पदरावर, केसांवर हिरव्या बोटांचे ठसे. कुणीतरी डोक्यावरून हात फिरवावा तसे.

कामगारांच्या कपड्यांतून शिशाची धूळ घरी येते, हे पुस्तकात आहे. तसंच असणार. पण रोहिदास जाऊन तीन महिने होत आले.

त्याच्या उजव्या पायाला करंगळी होती का, हे विचारलं. यंत्रात गेली, म्हणाली.

२४ जानेवारी

कसंही करून तिला इथून हलवायला हवं. दौंडला डॉक्टरांना दाखवलं. रक्तात भरमसाट शिसं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी जागा बदला.

माझी कॉलेजातली मैत्रीण नीलम कवठे येमाईला आरोग्य केंद्रात नर्स आहे, एकटी राहते. तिला फोन केला. ती लगेच हो म्हणाली. रंभा यायला तयार नव्हती. "त्ये आल्यावं घर बंद दिसंल की वो." मी खोटं बोलले. म्हणाले, मी सांगेन त्यांना.

खोलीला कुलूप लावलं. तिला पोचवून आले.

२७ जानेवारी

पावलं चाळीपर्यंत जातात. कुलपापाशी खूप ठसे, एकावर एक. दारावर तळहात. कुलपावर बोटं.

मग तिथून परत फिरलेली—पहिल्यांदाच परत फिरलेली. पण कारखान्याकडे नाही.

२९ जानेवारी

तुळजाबाई सकाळी कुरकुरत होत्या, की माझ्या खोलीची पायरी रोज कोण ओली करतंय. मी टॉर्च लावला नाही. नको.

३० जानेवारी

लावला. माझ्याच पायरीवर. बोटं दाराकडे.

३ फेब्रुवारी

महेंद्रला ओढतच टाकीपाशी नेलं, टॉर्च त्याच्या हातात दिला. करंगळी नसलेलं पाऊल त्याने ओळखलं. मग सांगितलं. गाळ काढायला सत्यजीतने रोहिदासला खाली उतरवलं. ना मास्क, ना दोर. आतल्या वायूने तो कोसळला.

"लई हाका मारल्या, म्याडम. आवाजच न्हाई आला. साहेब म्हनले, गेला तो, आता बोभाटा झाला तर समदेच जाऊ आत. शिडी वर घेतली आन् झाकण लावलं." टॉर्च माझ्या हातात परत देऊन म्हणाला, "चला पोलिसांत. मी येतो."

गेलो. त्याने सगळं लिहून दिलं.

५ फेब्रुवारी

झाकण क्रेनने उचललं. रोहिदास सापडला. नसलेल्या करंगळीवरून भावाने ओळखला. सत्यजीत कालपासून पसार आहे.

उलटं करून ठेवलेलं झाकण ताडपत्रीच्या आडोशाला पडलं होतं. मी फवारलं. का फवारलं, कळत नाही. टॉर्च लावला.

झाकणाची आतली बाजू सगळी हिरवी. तळहात. शेकडो. ओरखडे.

तो जिवंत होता. शिडी काढली तेव्हा—

महेंद्रने पाहिलं. त्याला दोघांनी धरून गाडीत बसवावं लागलं.

८ फेब्रुवारी

भीमेकाठी अंत्यविधी झाला. भाऊ म्हणाला, वहिनी आजारी, तिला फोनवर नका सांगू, तुमच्यावर तिचा जीव आहे, तुम्हीच जा.

पायरी ओलीच. खोलीत बसून मोठ्याने म्हणाले, कुठे आहे ते मी सांगणार नाही. ती बरी होतेय, तिला जगू द्या.

बाहेर काहीतरी दाराला टेकलं. जड. तसंच राहिलं.

१० फेब्रुवारी

पायरी कोरडी. फवारलं, सगळं काळं. कुठेच काही नाही. गेला असेल. आता मोकळा झाला असेल. उद्या रंभाकडे जाते.

११ फेब्रुवारी, कवठे येमाई

शिरूरहून एसटी खच्चून भरली होती. माझ्या शेजारची जागा मात्र शेवटपर्यंत रिकामी. एक बाई बसली आणि लगेच उठली. सीट ओली आहे, म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होते.

रंभाच्या तोंडावर टवटवी आली आहे. नीलम कामावर आहे. घरात आम्ही दोघीच. अजून सांगितलेलं नाही. धीर यावा म्हणून चटईवर बसून लिहितेय. ती पिठलं करतेय, गुणगुणतेय. दिवे लागले.

तिने तीन ताटं मांडली. म्हटलं, नीलम लवकर येणार का?

"न्हाई वो, ताई." हसली. किती दिवसांनी हसली. "तुमचे उपकार कसे फेडू? त्यांना घर घावत न्हवतं. तुम्ही घिऊन आलासा."

मी मान वर करत नाही. लिहितेय, कारण लिहिताना खाली बघता येतं. डाव्या बाजूला ॲसिडचा वास. गाळाचा.

रंभा, त्यांच्याजवळ नको—हे मोठ्याने म्हणायचंय. पण नुसतं लिहितेय.

ती म्हणतेय, ताई, जरा सरका, त्यांना बसू द्या. सरकले. चटई डाव्या कडेने ओली होत येतेय, वहीच्या पानाला पाणी लाग—