सांगलीचा वस्ताद आणि आमचा फेटा

मलकापूर, मंगळवार, माघ महिना, १९४५

गावाला दुसरं काम न्हाई का? सांगलीच्या तालमीत यंदा दोनच पैलवान घेणार, त्यात माझा ल्योक सदा हाय, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक! न्हावी म्हणतो घेतला, तेलीण म्हणते कराडच्या तालमीनं पळवला.

वस्ताद परवा घरी आला होता. सदाची पोटरी दाबून बघितली, बैल घ्यायला आल्यागत. रेशनची साखर घालून चहा दिला, तर तो पिऊन गडी निकाल न देताच वाटंला लागला. घ्यायचा असला की फेटा धाडायचा, ही त्यांची रीत. तर आमच्या मालकांनी काल बाजारातनं स्वतःच फेटा आणला!

"आवं, तो त्यांनी धाडायचा असतोय!"

"ऐनवेळी त्यांच्याकडं नसला म्हंजे?"

आता तो फेटा बघून सगळी गल्ली पेढं मागतीया. मी लय बोलले, मग हसूच आलं. पण पोटरी दोनदा दाबली होती वस्तादानं. मनात नसतं तर दोनदा कशाला दाबली असती?

तालमीत गेला तर दोन वर्सं लगीन न्हाई. इकडं पलूसची पोरगी सदाला पसंत हाय, तिचा बाप सोमवारी लगीन ठरवायला यायचा हाय. उद्याच वस्तादाला सांगावा धाडते. घेणार का न्हाई, रविवारच्या आत सांगा.